जुन्या वस्तूंची ऑनलाइन विक्री : पैसे स्वीकारताना घ्यावयाची दक्षता

घरातील वापरलेली वस्तू विकणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण, हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरणारा रद्दीवाला, पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार आणि आठवड्याच्या बाजारात एका बाजूस जुने सामान मांडून बसणारे विक्रेते यांनी हे काम पिढ्यान् पिढ्या केले आहे. एका घराला नकोशी झालेली वस्तू दुसऱ्या घराच्या उपयोगी पडते, विकणाऱ्याच्या हाती चार पैसे येतात आणि घेणाऱ्याची कमी किमतीत सोय होते. काटकसर आणि वस्तूंचा पुनर्वापर या दोन्ही दृष्टींनी ही प्रथा हितावह आहे.

अलीकडच्या काळात हा बाजार मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस यांसारखे मंच आणि गावोगावचे व्हॉट्सॲप गट यांच्याद्वारे कपाट, सोफा, शीतकपाट, धुलाईयंत्र, सायकल, शिलाईयंत्र अशा वस्तूंची विक्री घरबसल्या करता येते. विशेषतः ज्यांना बदलीच्या आदेशामुळे थोड्या दिवसांत बिऱ्हाड हलवावे लागते, अशा शासकीय कर्मचाऱ्यांना व शिक्षकांना ही सोय फार उपयोगी पडते. वस्तूचे छायाचित्र काढावे, किंमत लिहावी, आणि काही तासांत चौकशीचे दूरध्वनी येऊ लागतात.

परंतु या सोयीबरोबर एक नवे संकटही आले आहे. खरेदी-विक्रीत सावध राहावयाचे ते पैसे देणाऱ्याने, कारण माल खोटा निघाला तर नुकसान त्याचे, अशी आपली परंपरागत समजूत आहे. पैसे घेणाऱ्याला भीती कसली, असे आपण सहज म्हणतो. नेमक्या याच समजुतीचा फायदा भामटे घेतात. पाच हजार रुपयांचे कपाट विकावयास निघालेल्या माणसाचे कपाट घरातच राहते आणि खात्यातून मात्र पंचवीस-तीस हजार रुपये निघून जातात, अशा प्रकारच्या तक्रारी पोलिसांकडे येत असतात. मार्च २०२२ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने आर्थिक फसवणुकीच्या पद्धतींची माहिती देणारी ‘बी अवेअर’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत ऑनलाइन विक्री मंचांवरून होणाऱ्या फसवणुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. हा प्रकार कसा घडतो, तो कसा टाळता येतो आणि घडल्यास काय करावे, याची माहिती गावपातळीपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

पैसे जमा होतात ते कसे ?

फसवणूक समजून घेण्यापूर्वी मूळ व्यवहार कसा चालतो हे पाहिले पाहिजे. मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ झाली आहे, तिला यूपीआय म्हणतात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या मुंबईस्थित संस्थेने ती तयार केली. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर डॉ. रघुराम राजन यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला, आणि त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी भीम हे ॲप आले. आज भाजीवाल्यापासून खत-बियाण्यांच्या दुकानापर्यंत सर्वत्र दिसणारे चौकोनी ठिपक्यांचे चित्र, म्हणजे क्यूआर कोड, हा याच पद्धतीचा भाग आहे.

या पद्धतीचे मर्म धनादेशाच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येते. धनादेशावर ज्याला पैसे मिळावयाचे त्याचे नाव लिहिलेले असते आणि खाली सही असते ती पैसे देणाऱ्याची. यूपीआयमध्ये क्यूआर कोड हे पैसे घेणाऱ्याचे नाव होय, आणि चार किंवा सहा अंकी पिन ही पैसे देणाऱ्याची सही होय. दुकानातील कोड आपण मोबाइलने टिपतो, तेव्हा ‘या दुकानदाराला पैसे द्यावयाचे आहेत’ असे आपण बँकेला सांगत असतो. त्यानंतर पिन टाकतो, तेव्हा त्या आज्ञेवर आपण सही करतो. आपले खाते नावे पडते आणि दुकानदाराचे जमा होते.

या सर्व क्रियेत दुकानदाराने काय केले ? काहीही नाही. तो कोड टिपत नाही, पिन टाकत नाही, कोणत्याही दुव्यावर बोट ठेवत नाही. त्याचा मोबाइल बंद असला तरी रक्कम त्याच्या खात्यात जमा होते. जुन्या कपाटाची विक्री करणारा मनुष्य हा त्या व्यवहारापुरता दुकानदाराच्याच जागी असतो. म्हणून पुढील नियम प्रत्येकाने पक्का लक्षात ठेवावा : पैसे स्वीकारण्यासाठी आपला यूपीआय क्रमांक किंवा आपला स्वतःचा कोड समोरच्याला देण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही. कोड टिपणे आणि पिन टाकणे या क्रिया पैसे देण्याच्या आहेत. पिन अन्यत्र लागतो तो स्वतःच्या खात्यातील शिल्लक पाहण्यासाठी. दुसऱ्याकडून पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही.

येथे दोन गोष्टी नमूद करणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२५ पासून पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याची ओळख वापरून यूपीआयचे व्यवहार करण्याची सोय झाली आहे. ज्यांनी ही सोय घेतली आहे, त्यांच्या बाबतीत बोट ठेवणे म्हणजेच सही करणे होय. दुसरे असे की, लहान रकमांसाठी असलेल्या यूपीआय लाइट या सोयीत पिन विचारलाच जात नाही. तेव्हा पिन मागितला नाही म्हणजे धोका नाही, असे समजून दुसऱ्याने पाठविलेला कोड टिपू नये.

फसवणुकीचा सर्वसाधारण क्रम

या फसवणुकीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. जाहिरात देऊन थोडा वेळ होतो न होतो तोच दूरध्वनी येतो. बोलणारा गृहस्थ अत्यंत नम्र असतो. वस्तू कशी आहे, किती वर्षांची आहे, दुरुस्ती झाली आहे काय, यांपैकी काही तो विचारत नाही. किमतीबाबत घासाघीसही करीत नाही. ‘वस्तू मला पसंत आहे. दुसऱ्या कोणाला देऊ नका. मी आत्ताच इसार पाठवितो आणि उद्या माझा माणूस टेम्पो घेऊन येईल,’ असे तो सांगतो. आपल्याकडे बैल घेताना दात पाहिल्यावाचून कोणी इसार देत नाही. येथे मात्र वस्तू डोळ्यांनी न पाहता इसार देण्याची घाई असते. सावध होण्याची ही पहिली खूण.

पुष्कळदा हा मनुष्य आपण सैन्यात किंवा निमलष्करी दलात असल्याचे सांगतो. गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत व्हॉट्सॲपवर पाठवितो. ‘ताई, मी जवान आहे. बदली झाली आहे, प्रत्यक्ष येऊ शकत नाही,’ असे म्हणतो. सैनिकांविषयी जनतेच्या मनात असलेल्या आदराचा हा दुरुपयोग होय. अशी छायाचित्रे व ओळखपत्रे बहुधा बनावट किंवा दुसऱ्या कोणाची तरी चोरलेली असतात. ओळखपत्राची प्रत पाहिली म्हणजे माणसाची ओळख पटली, असे होत नाही. शिवाय, वस्तू विकत घेणाऱ्याने न मागता ओळखपत्र पाठवावे, हेच मुळी संशयास्पद आहे.

यानंतर विश्वास बसावा म्हणून भामटा कधी कधी एक, पाच किंवा दहा रुपये खरोखरच पाठवितो. रक्कम जमा झाल्याचे पाहून विक्रेत्याचे मन निःशंक होते. मग एक क्यूआर कोड येतो. त्याखाली ‘पाच हजार रुपये मिळतील’ अशा अर्थाचा मजकूर लिहिलेला असतो. हा मजकूर कोणीही लिहू शकतो. बँकेचा त्याच्याशी काही संबंध नसतो. विक्रेता कोड टिपतो, पिन टाकतो आणि त्याच्या खात्यातून तेवढी रक्कम निघून जाते.

खरी हानी पुष्कळदा यानंतर होते. विक्रेता घाबरून दूरध्वनी करतो, तेव्हा भामटा शांतपणे दिलगिरी व्यक्त करतो. ‘चुकून दुसरा कोड गेला, आता परताव्याचा कोड पाठवितो, दोन्ही रकमा एकदम जमा होतील,’ असे सांगतो. गेलेले पैसे परत मिळविण्याच्या धडपडीत मनुष्य दुसरा, तिसरा कोड टिपतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्ली येथे घडलेले एक प्रकरण वृत्तपत्रांतून बरेच गाजले होते. एका सुशिक्षित तरुणीने जुना सोफा विकण्यासाठी जाहिरात दिली. खरेदीदार म्हणविणाऱ्याने आधी अल्प रक्कम जमा केली, मग कोड पाठविला, आणि तिच्या खात्यातून २०,००० रुपये गेले. चुकीचा कोड पाठविला गेल्याची बतावणी करून त्याने दुसरा कोड पाठविला, तेव्हा आणखी १४,००० रुपये गेले. शिक्षणाने किंवा सामाजिक प्रतिष्ठेने या फसवणुकीपासून आपोआप संरक्षण मिळत नाही, हे या घटनेवरून दिसून येते.

पद्धतीत झालेला बदल

काही वर्षे या फसवणुकीत ‘मागणी’ पाठविण्याच्या सोयीचा फार वापर होत असे. भामटा पैसे पाठवीत आहे असे भासवून प्रत्यक्षात पैशांची मागणी पाठवी. विक्रेत्याच्या पडद्यावर ती उमटे आणि पैसे मिळत आहेत अशा समजुतीने तो पिन टाकी. हा दुरुपयोग ध्यानी घेऊन नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. हा निर्णय स्वागतार्ह आहे. तथापि नोंदणीकृत व्यापाऱ्यांकडून येणारी मागणी चालूच आहे, आणि क्यूआर कोडचा मार्ग तर खुलाच आहे. एक दार बंद झाले म्हणून सावधगिरी सोडून चालणार नाही.

कोडखेरीज इतर युक्त्याही वापरल्या जातात. त्यांतील प्रमुख प्रकार असे :

(१) खोटा जमा-संदेश : ‘आपल्या खात्यात ५०,००० रुपये जमा’ असा बँकेच्या संदेशासारखा दिसणारा संदेश येतो. लगोलग दूरध्वनी येतो की, पाच हजारांऐवजी चुकून पन्नास हजार गेले, कृपया पंचेचाळीस हजार परत करा, रुग्णालयात भरावयाचे आहेत. विक्रेता प्रामाणिकपणे स्वतःचे पैसे पाठवून देतो. मुळात काही जमाच झालेले नसते. बँकेचा संदेश बँकेच्या नावाच्या अक्षरी शीर्षकाखाली येतो. तो एखाद्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून येत नसतो.

(२) बनावट पावतीचे छायाचित्र : पैसे पाठविल्याच्या पावतीचे चित्र दाखवून वस्तू उचलून नेली जाते. येथे खातेही सुरक्षित राहते, परंतु वस्तू फुकट जाते. मोबाइलच्या पडद्यावरील पावतीसारखे दिसणारे चित्र तयार करणे अवघड नाही. दुसऱ्याच्या मोबाइलवर जे दिसते तो पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे.

(३) पडदा दाखविणारे ॲप : ‘आपल्या मोबाइलमध्ये काही अडचण दिसते, मी दुरुस्त करून देतो,’ असे सांगून एनीडेस्क, टीमव्ह्युअर यांसारखे ॲप घ्यावयास लावले जाते. ही ॲप मूळ उपयोगाने निर्दोष आहेत, पण त्यांच्यामुळे आपल्या मोबाइलचा पडदा परक्या माणसाला दिसू लागतो आणि काही वेळा त्याचा ताबाही त्याच्याकडे जातो. मग ओटीपी त्याला आयताच वाचावयास मिळतो.

(४) वाहतुकीचे शुल्क : वस्तू नेण्यासाठी वाहतूक कंपनीचा मनुष्य येईल, त्याचे नोंदणी शुल्क विक्रेत्याने आधी भरावे, ते किमतीसह परत मिळेल, असे सांगून एक दुवा पाठविला जातो. दुवा उघडताच बँकेची किंवा कार्डाची माहिती विचारली जाते. विक्रेत्याने पैसे मिळविण्यासाठी आधी पैसे भरावेत, ही मागणीच उफराटी आहे.

विक्रेत्याने पाळावयाचे नियम

वरील सर्व प्रकारांत वेश बदलतो, पण गाभा एकच असतो. पैसे घेणाऱ्याला पैसे देण्याची क्रिया करावयास लावणे, आणि त्याला विचार करण्यास वेळ न देणे. यास्तव नियमही थोडे व सोपे आहेत.

पहिला नियम, वस्तू पाहिल्यावाचून व्यवहार ठरवू नये. खरा गिऱ्हाईक वस्तू पाहतो, दार उघडून बघतो, यंत्र चालवून बघतो आणि चार पैसे कमी करावयास सांगतो. घासाघीस करणारा गिऱ्हाईक त्रासदायक वाटला तरी तोच बहुधा खरा असतो. शक्यतो आपल्याच गावातील किंवा तालुक्यातील गिऱ्हाइकाला प्राधान्य द्यावे. भेट दिवसा व घरात दुसरे कोणी असताना ठरवावी. वस्तू लहान असल्यास बसस्थानक किंवा चावडी अशा वर्दळीच्या ठिकाणी भेटणे अधिक बरे.

दुसरा नियम, माल आणि मोल यांची देवघेव एकाच वेळी करावी. रोख रक्कम घेण्यात कमीपणा नाही. यूपीआयने पैसे घ्यावयाचे झाल्यास आपला कोड आपण दाखवावा आणि गिऱ्हाइकाला तो टिपावयास सांगावे. त्याने पाठविलेला कोड आपण कधीही टिपू नये, मग रक्कम एक रुपयाची का असेना.

तिसरा नियम, रक्कम जमा झाली किंवा नाही हे स्वतःच्या बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये खात्याची नोंद उघडून पाहावे. संदेश, चित्र किंवा समोरच्याचा शब्द यांवर विसंबू नये. ॲप वापरता येत नसेल तर बँकेत पासबुक भरून घ्यावे आणि तोवर वस्तू घरीच ठेवावी.

चौथा नियम, चुकून जास्त पैसे आले असे कोणी म्हटल्यास खात्याची नोंद पाहावी. काही जमाच झाले नसेल तर प्रश्न मिटला. खरोखर जमा झाले असेल तर ते परस्पर पाठवून न देता आपल्या बँकेला लेखी कळवावे आणि तिच्यामार्फत परत करावे. यामागे आणखी एक कारण आहे. काही वेळा भामटे दुसऱ्या कोणाची लुबाडलेली रक्कम निरपराध माणसाच्या खात्यातून फिरवितात. पोलीस त्या रकमेचा माग काढू लागले की, ज्या ज्या खात्यांतून ती गेली ती खाती किंवा त्यांतील रक्कम रोखली जाते. मग पगाराचे खातेच अडकून बसते आणि आपला संबंध नसल्याचे सिद्ध करीत हेलपाटे घालावे लागतात. ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्याकडून आपल्या वस्तूच्या किमतीहून एक पैसाही जास्त स्वीकारू नये.

पाचवा नियम, पिन टाकण्यापूर्वी पडदा वाचावा. पैसे कोणाला जात आहेत त्याचे नाव व रक्कम पडद्यावर दिसते. ती ओळ वाचण्यास फार तर पाच सेकंद लागतात. दूरध्वनी चालू असताना यूपीआय ॲप उघडू नये. भामटा बोलत राहतो तो आपण ती ओळ वाचू नये म्हणूनच. दूरध्वनी ठेवावा, घरातील दुसऱ्या माणसाला विचारावे आणि मग ठरवावे. खरा गिऱ्हाईक दहा मिनिटे थांबतो.

फसवणूक झालीच तर

एवढी दक्षता घेऊनही एखादा मनुष्य फसला तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर दूरध्वनी करावा. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या देखरेखीखाली ही व्यवस्था चालते. तक्रार नोंदविली जाताच ती संबंधित बँकेकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते. रक्कम भामट्याच्या खात्यात शिल्लक असेल तर ती तेथेच रोखून धरली जाते, आणि ती पुढे दुसऱ्या बँकेत गेली असेल तर सूचनाही तिच्यामागोमाग त्या बँकेकडे जाते. रोखलेली रक्कम विहित कार्यपद्धतीनुसार मूळ खातेदारास परत मिळू शकते. भामटे मात्र रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि शेवटी यंत्रातून रोखीने काढून घेण्यास विलंब लावीत नाहीत. म्हणून पहिला तास अत्यंत मोलाचा असतो. ‘उद्या बँक उघडल्यावर पाहू’ म्हणणाऱ्याचे पैसे परत मिळण्याची आशा फार कमी राहते.

दूरध्वनी करताना आपले नाव, बँकेचे नाव, खाते क्रमांक, गेलेली रक्कम, दिनांक व वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक जवळ ठेवावा. हा क्रमांक ॲपमधील व्यवहाराच्या नोंदीत मिळतो. तक्रारीचा पोचक्रमांक लिहून घ्यावा. त्यानंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या राष्ट्रीय संकेतस्थळावर सविस्तर तक्रार भरावी. आपल्या बँकेलाही त्वरित कळवून तिच्याकडून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. भामट्याचे संदेश, कोड, दूरध्वनी क्रमांक व ओळखपत्राचे चित्र यांपैकी काहीही पुसून टाकू नये. तो सर्व पुरावा होय. पैसे गेले नसले, पण संशयास्पद दूरध्वनी किंवा संदेश आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेद्वारे त्याची माहिती देता येते. मार्च २०२४ पासून ही सुविधा उपलब्ध आहे.

पोलीस ठाण्यात तक्रार देण्याचा नागरिकाचा हक्कही अबाधित आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आणि कलम ३१९ खाली तोतयेगिरी करून केलेली फसवणूक हे गुन्हे आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. भामटा दुसऱ्या राज्यात आहे, म्हणून तक्रार घेता येत नाही, हे कारण कायद्याला धरून नाही.

बँकेच्या जबाबदारीविषयी पुष्कळ गैरसमज आढळतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाद्वारे अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत ग्राहकाला संरक्षण दिले. परंतु ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने गोपनीय माहिती दुसऱ्यास दिली असेल, तर बँकेला कळवीपर्यंत झालेली हानी त्यालाच सोसावी लागते, आणि कळविल्यानंतर होणारी हानी बँकेकडे जाते, असे तत्त्व त्यात घालून दिलेले आहे. आपण स्वतः पिन टाकून पाठविलेले पैसे ही बँकेची चूक मानली जाणे कठीण असते. अर्थात, सावधगिरी हा पहिला आणि तात्काळ तक्रार हा दुसरा, असे दोनच भरवशाचे उपाय सामान्य माणसाच्या हाती राहतात.

गावपातळीवर काय करता येईल ?

ही माहिती शहरी, सुशिक्षित माणसापुरती मर्यादित ठेवून चालणार नाही. आज यूपीआयचा वापर खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. शेतकरी जुनी मोटर विकतो, बचत गटातील भगिनी जुने शिलाईयंत्र विकते, महाविद्यालयीन विद्यार्थी पुस्तके व सायकल विकतो. ज्या कुटुंबाची शिल्लकच वीस-तीस हजारांची, त्याच्या दृष्टीने ती रक्कम जाणे म्हणजे पेरणीचे भांडवल किंवा मुलीचे शिक्षणशुल्क जाणे होय.

ग्रामपंचायतींनी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी भरणाऱ्या ग्रामसभांत या विषयासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी नजीकच्या पोलीस ठाण्यातील कर्मचारी किंवा बँकेचे शाखाधिकारी यांना बोलवावे. आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकाकडून, कोड टिपला की पडद्यावर काय दिसते, हे एक रुपयाचा व्यवहार करून सर्वांसमक्ष दाखवावे. ऐकलेल्या उपदेशापेक्षा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट अधिक काळ लक्षात राहते. ग्रामपंचायत, शाळा, सहकारी संस्था व दूध संकलन केंद्र यांच्या फलकांवर पुढील मजकूर ठळक अक्षरांत लिहावा :

‘पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. दुसऱ्याने पाठविलेला कोड टिपू नका. रक्कम जमा झाल्याची खात्री स्वतःच्या खात्यात पाहूनच करा. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० वर दूरध्वनी करा.’

शिक्षकांचे कार्य याहून मोठे आहे. पुष्कळ घरांत आजी-आजोबांचा मोबाइल चालविणारे हात नातवंडांचेच असतात. फळ्यावर ‘जमा’ आणि ‘नावे’ असे दोन रकाने आखून कोड दाखविणे, कोड टिपणे, पिन टाकणे, यूपीआय क्रमांक सांगणे या क्रिया कोणत्या रकान्यात येतात, हे विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यावे. सातवी-आठवीचा विद्यार्थी एका तासात हे शिकू शकतो आणि त्याच संध्याकाळी घरी सांगू शकतो. कार्यालयप्रमुखांनी बदल्यांच्या काळात आपल्या कर्मचाऱ्यांना एका परिपत्रकाद्वारे हीच माहिती दिली, तर घाईघाईने सामान विकणाऱ्या पुष्कळांचे नुकसान टळेल.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे इष्ट आहे. फसलेला मनुष्य लाजेपोटी गप्प बसतो. लोक हसतील, मुले रागावतील, साहेब काय म्हणतील, या विचारात तो तास घालवितो, आणि तेवढ्यात रक्कम हातची जाते. गप्प राहिल्यामुळे शेजारीही त्याच जाळ्यात सापडतो. गावातील एखादी वृद्धा किंवा तरुण फसल्याचे कळले, तर ‘एवढे कसे कळले नाही’ असा प्रश्न न विचारता पंचायत सदस्याने किंवा शिक्षकाने आपला मोबाइल काढून १९३० हा क्रमांक लावून द्यावा. तक्रार तत्काळ नोंदविली गेली, तर त्या घराचे पैसे वाचू शकतात, आणि रोखलेल्या प्रत्येक खात्याबरोबर भामट्यांचा एकेक मार्ग बंद होतो.